जर्मनीचं लाकूड, परभणीचं ऊन

परभणीत उन्हाळ्यात दारं सैल होतात आणि पावसाळ्यात चौकटीत अडकतात. मे महिन्यात कडी लावली तरी दार खुळखुळतं. ऑगस्टमध्ये तेच दार खांद्याने रेटावं लागतं. सुताराला बोलावलं की तो येतो, रंधा फिरवून चार ढलप्या काढतो, चहा पिऊन जातो. पुढच्या मे महिन्यात त्याने रुंद केलेल्या फटीतून गरम वारा घरात शिरतो. हिवाळ्यात पहाटेचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की इथल्या कृषी विद्यापीठाची नोंद राज्यभरच्या वर्तमानपत्रांत झळकते, आणि तीच परभणी उन्हाळ्यात ४३-४४ अंशांपर्यंत तापते. पण लाकडाला पाऱ्याचं तितकंसं सोयरसुतक नसतं. त्याला छळते हवेतली ओल आणि तिचं नसणं. मे महिन्याच्या दुपारी इथली सापेक्ष आर्द्रता विशीच्या आसपास येते, कधी त्याच्याही खाली. ऑगस्टच्या सकाळी ती पंच्याऐंशीच्या घरात असते. शाळेत भूगोल शिकवताना हे आकडे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. लाकडाच्या लेखी त्यांचा अर्थ काय होतो, ते मात्र नानाकाकांच्या गिटारने शिकवलं.

या गिटारच्या गोल भोकातून आत डोकावलं की एक कागदी लेबल दिसतं. कसरीने ते बरंच खाल्लं आहे. कंपनीचं नाव गेलं, गावाचं नाव गेलं. ती जर्मनीत बनली, एवढं सांगणारी तळची ओळ तेवढी शिल्लक आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही लहानपणापासून फुशारकीने म्हणत आलो. त्यातली ही जर्मनी आमच्या माळ्यावर येऊन पडली होती आणि परभणीने तिचं काय केलं, ते तिच्या पोटावर उमटलं होतं.

नानाकाका रेल्वेत होते, पूर्णा जंक्शनला. तेव्हा पूर्णा म्हणजे मीटरगेजचा दबदबा असलेलं गाव. लोको शेड, क्वार्टर्सच्या रांगा, दोरीवरच्या कपड्यांवर बसणारी इंजिनाची काजळी. तिथला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर बायकोमुलांसह ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा त्याने विकायला काढलेल्या सामानात ही गिटार होती. नानांनी ती घरात कुणालाही न विचारता घेतली. आजीने हे त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही. तेवढ्या पैशांत दुभती म्हैस आली असती, असं तिचं म्हणणं.

नाना गिटार छातीशी धरून वाजवत नसत. मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवत ते वाजवायचे. या तऱ्हेला तेव्हा हवाईयन गिटार म्हणत. व्हॅन शिप्ले यांच्या रेकॉर्डवर सिनेमातली गाणी अशीच ऐकू यायची. पुढे ब्रिजभूषण काबरांनी याच तऱ्हेने गिटारवर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका ज्या घरांत रेकॉर्ड प्लेअर होता त्या घरांत असायचीच. नानांना पहाडी फारसा येत नव्हता, तरी रात्रीची जेवणं झाली की ते पहाडीच वाजवायचे.

या वाजवण्याला पोलादी तारा लागतात, आणि त्या पडद्यांपासून उंच उचलाव्या लागतात. अशा सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा मिळून ताण सत्तर किलोंच्या आसपास जातो. आतड्याच्या किंवा नायलॉनच्या तारांचा ताण याच्या निम्म्याहून थोडा जास्त. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या गिटारच्या घोडीला चोवीस तास ओढत उभा होता. घोडी जिच्यावर चिकटवलेली असते ती वरची फळी अडीच-तीन मिलिमीटर जाडीची. एवढ्या पातळ फळीवर एवढा भार का, तर आवाज तिच्यातूनच येतो. स्पेनच्या अंतोनियो दे तोरेस या कारागिराने १८६२ साली एक गिटार बनवली. तिची पाठ आणि बाजू त्याने चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या, वरची फळी तेवढी उत्तम स्प्रूस लाकडाची ठेवली. बाकी काहीही असो, गिटार बोलते ती वरच्या फळीने, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे.

नानांच्या गिटारची हीच फळी फुटली होती. खालच्या काठापासून घोडीच्या बुडापर्यंत, लाकडाच्या रेषेला धरून सरळ गेलेली भेग. मे महिन्यात माळ्यावरून काढली तेव्हा तिच्यात नखाची कड जात होती. पुण्याला असणाऱ्या माझ्या भाच्याला ती वाजवायची होती. ‘मावशी, ही प्लायवूड असेल तर नाद सोड,’ असं त्याने फोनवर बजावलं आणि ओळखायची खूण सांगितली. गोल भोकाच्या कडेला बोट लावून नीट पाहायचं. वरच्या रेषा कडेवरून खाली तशाच उतरत असतील तर फळी एकसंध लाकडाची. कडेला पापुद्र्यांचे थर दिसले तर प्लाय. भिंगातून पाहिलं तर रेषा उतरत होत्या. बारीक, समांतर, एकमेकींना खेटून. थंड प्रदेशात झाड सावकाश वाढतं तेव्हा अशा दाट रेषा पडतात. हे लाकूड चांगलं होतं, आणि फुटण्याइतकं खरंही.

ते फुटलं का, याचं गणित भूगोलाच्या बाईला सुटण्यासारखं आहे. लाकूड लांबीत जवळजवळ आखडत नाही. आखडतं ते रुंदीत. स्प्रूसच्या अंगातली ओल एका टक्क्याने कमी झाली की अशी फळी रुंदीत साधारण ०.१५ टक्के आखडते. पावसाळी हवेत लाकडात बारा टक्क्यांच्या वर ओल असते, आमच्या मे महिन्यात ती पाच-सहावर येते. फळी ३६ सेंटीमीटर रुंद धरली तर ती तीन-साडेतीन मिलिमीटर आखडायला बघते. तिची जाडी आहे त्याहून जास्त. पण तिला आखडू देतो कोण? कडा बाजूच्या लाकडाला चिकटवलेल्या, आणि आतून आडव्या पट्ट्या चिकटवून बसवलेल्या. त्या पट्ट्यांची लांबी फळीच्या रुंदीच्या दिशेने, आणि लांबीत लाकूड हलत नाही. फळीला आत यायचंय आणि पट्टी जागची हलत नाही. आधी फळी खोलगट होते, मग जिथे रेष कच्ची असेल तिथे उसवते. कापूस खरेदी केंद्रावर आमचे शेतकरी ओलीच्या एकेका टक्क्यासाठी ग्रेडरशी भांडतात. आठ टक्क्यांच्या वर गेली की भाव कापतात, बाराच्या वर गेली की गाडी परत. घरातल्या लाकडाची ओल मात्र कुणी मोजत नाही.

आणि हे सगळं नानांच्या हयातीत झालं नाही, ही मला विचार करायला लावणारी गोष्ट आहे. आमचं जुनं घर माळवदाचं होतं. सागाच्या तुळया, त्यांवर किलचं, वर पांढऱ्या मातीचा हातभर थर, आणि दोन हात जाड भिंती. बाहेर आग ओतत असली तरी मधल्या खोलीत रांजणाचं पाणी गार राही. त्या खोलीत खुंटीला गिटार टांगलेली असे आणि एवढ्या ताणाखालीही तिने वर्षं काढली. मग घर पडलं, स्लॅब आला. गिटार वरच्या मजल्यावर लोखंडी कपाटाच्या माथ्यावर गेली, स्लॅबपासून दोन वितींवर. त्या खोलीला कूलर लावला. कूलर चालू असला की हवा ओलीगच्च, वीज गेली की तासाभरात कोरडीठाक. जुन्या घरात वर्षभरात मिळणारे हेलकावे तिला आता एका दिवसात मिळू लागले. दोष जर्मनीच्या लाकडाचा नव्हता आणि परभणीच्या उन्हाचाही पूर्णपणे नव्हता. ऊन पूर्वीही होतंच.

दर्गा रोडच्या बाजूच्या एका बोळात पेट्या दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. पेटी म्हणजे हार्मोनियम. भजनी मंडळांच्या, शाळांच्या, कीर्तनकारांच्या. पखवाजाची पुडं बदलणं, वारकऱ्यांच्या वीणेचा तडकलेला भोपळा सांधणं हेही तेच करतात. तरुणपणी काही वर्षं ते मिरजेत होते. मिरजेची तंतुवाद्यांची कारागिरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची. फरीदसाहेब सतारमेकर हे तिचे मूळपुरुष. घराणं शिकलगारांचं, हत्यारांना धार लावणाऱ्यांचं. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा त्यांनी तंबोरे दुरुस्त करता करता तंबोरे बनवायला घेतले. त्याच गावच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. चाचा गिटारच्या वरच्या फळीला ‘तबली’च म्हणतात, तंबोऱ्याला म्हणतात तसं.

मी गेले तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आषाढी जवळ आली की त्यांच्याकडे दिंड्यांचं काम तुंबतं. गजानन महाराजांची पालखी परभणीवरून गंगाखेडला जाते, जनाबाईच्या गावाहून दिंड्या निघतात, आणि वाटेत वीणेने दगा देऊन चालत नाही, कारण विणेकऱ्याच्या गळ्यातून ती खाली ठेवायची नसते. चाचांनी गिटार मांडीवर घेतली, बोटाच्या पेराने ठिकठिकाणी टकटक करून कान लावला. दोन ठिकाणी आवाज बद्द आला. आतली पट्टी सुटली होती. मग मोबाइलचा दिवा भोकातून आत सोडला. भेगेतून उजेडाची रेघ बाहेर आली, पण अखंड नाही. मध्ये मध्ये काळी. चाचांनी सुई घेऊन ती काळी जागा खरवडली. करड्या रंगाचा टणक खडा निघाला.

‘किसी ने भरेला है,’ ते म्हणाले.

कुणी तरी आधी ही भेग बुजवली होती. लाकडाचा भुसा आणि फेविकॉल, वर एम-सील. कुणी आणि कधी, ते सांगायला आता घरात कुणी नाही. पण कोणत्या ऋतूत, ते मात्र लाकूडच सांगत होतं. भेग उन्हाळ्यात रुंद झाली तेव्हा भरली. पावसाळ्यात फळी फुगली, तिला ती जागा परत हवी होती, आणि जागा भरलेली. दोन्ही काठ त्या टणक भरावावर दाबले गेले, काठाचे धागे चेपून कायमचे बसले. पुढच्या उन्हाळ्यात फळी पुन्हा आखडली, पण आता काठ झिजलेले, म्हणून भेग पहिल्यापेक्षा रुंद. आणि शेजारी केसाएवढी दुसरी. बुजवणाऱ्याने मन लावून बुजवलं होतं. म्हणूनच जास्त नुकसान झालं.

आमच्या काळ्या रानात हे दर वर्षी घडतं, आणि तिथे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. या मातीतली मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाण्याने फुगते आणि पाणी गेलं की आक्रसते. एप्रिल-मेमध्ये कपाशीच्या रिकाम्या रानात हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात. त्या कुणी बुजवत बसत नाही. पहिला पाऊस त्याच भेगांतून खोल उतरतो आणि भेगा आपोआप मिटतात. वरची ढेकळं भेगेत पडून राहिली तर ओली माती फुगताना तिला जागा पुरत नाही. ती वर उचलली जाते, आणि रान स्वतःलाच खालवर करून घेतं. रानाचं त्याने भलंच होतं. घराचं होत नाही. मुरूम लागेपर्यंत पाया न नेलेल्या घराच्या भिंतीला याच मातीपायी तडा जातो. मालक उन्हाळ्यात त्यात सिमेंट भरतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात तडा त्या सिमेंटच्या बाजूने जातो. परभणीत अशी किती तरी घरं आहेत, ज्यांच्या भिंतींवरून किती उन्हाळे झाले ते मोजता येईल.

‘मग आता काय करायचं?’ मी विचारलं.

‘बाई, अब्बी नक्को. पहले बारिश पूरी गिरने दो. फिर बारिश पूरी जाने दो.’

त्यांनी तारा मात्र तिथल्या तिथे सैल करून दिल्या आणि कूलरच्या खोलीत ठेवायची नाही, असं बजावलं.

मृग कोरडा गेला, पाऊस उशिरा आला, पण आला. जुलै सरता सरता भेग बारीक झाली आणि ऑगस्टमध्ये, भरावाचे खडे सोडले तर, शोधावी लागेल इतकी मिटली. पोळ्याला भाचा आला. त्याने गिटार उजेडात धरून उलटसुलट पाहिली. ‘मावशी, ही तर बरी झाली! आत्ताच चिकटवून घेऊ. याहून चांगली वेळ कुठली?’ मलाही तसंच वाटलं होतं. काठाला काठ लागलाय, मधे फट नाही, एक थेंब सरस सोडला की संपलं. आम्ही दोघं चाचांकडे गेलो.

चाचांनी नुसती मान हलवली. आता ती फुगलेली आहे. फुगलेली असताना जोडली की मे महिन्यात तिला पुरे साडेतीन मिलिमीटर आत यायचं असेल, आणि तोवर सरस धरून बसलेला असेल. जोड सुटणार नाही, शेजारचं लाकूड फुटेल. उन्हाळ्यात भरलं तर पावसाळा उखडतो, आणि पावसाळ्यात जोडलं तर उन्हाळा. भेग सगळ्यांत जास्त दुखते तेव्हा हात घालायचा नाही, आणि दिसेनाशी होते तेव्हाही नाही. दोन्ही टोकांच्या मधोमध जोडायची, म्हणजे पुढे तिला दोन्हीकडे निम्मंनिम्मंच सोसावं लागतं. परदेशातले गिटार बनवणारे आपल्या कारखान्यात वर्षभर ४५ ते ५० टक्के आर्द्रता राखतात, ती याचसाठी. तिथे यंत्राने मधला ऋतू करून ठेवलेला असतो. परभणीत तो फुकट मिळतो, पण वर्षातून थोडेच दिवस, आणि ते दिवस ओळखावे लागतात.

दसरा झाला, ऑक्टोबरची उन्हं उतरली, पहाटे पांघरूण ओढावंसं वाटू लागलं. भाच्याने पाठवलेल्या छोट्या यंत्रावर आर्द्रता पन्नाशीच्या आसपास रेंगाळू लागली. मी चाचांना तो आकडा सांगितला. त्यांनी आपल्या कामाच्या टेबलाचा जुना खण ओढून दाखवला. तो अडकला नाही आणि खुळखुळलाही नाही. ‘हौ, हो गया टाइम,’ ते म्हणाले.

आधी जुना भराव निघाला. कोमट पाण्याचा बोळा, घासून पातळ केलेलं हॅक्सॉचं पातं, आणि भरपूर वेळ. फेविकॉल वाईट नाही, कपाटाला तो हवाच. पण सतत ओढ असलेल्या जोडात तो उन्हाळ्याच्या उष्णतेने कणाकणाने सरकतो, आणि एकदा लाकडात मुरला की त्याच्यावर दुसरं काही नीट धरत नाही. काठ स्वच्छ झाल्यावर उजेडाची रेघ अखंड दिसली. चेपलेले काठ मधल्या ऋतूतही भेटत नव्हते. तिथे खपली लागणार होती, आणि ती स्प्रूसचीच, रेषा त्याच दिशेने धावणारी. परभणीत स्प्रूस कुठून आणायचं? चाचांनी मांडणीवरच्या पिशवीतून एक मेलेलं व्हायोलिन काढलं. मान तुटलेली, पाठ गेलेली. कुठल्याशा बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचं. व्हायोलिनची वरची फळीही स्प्रूसचीच असते. तिच्यातून त्यांनी एक काडी चिरली आणि काचेच्या तुकड्याने खरवडत ती इतकी पातळ केली की उजेडासमोर धरली तर पिवळसर दिसावी.

सरस रात्रभर थंड पाण्यात भिजत घातला होता. सकाळी त्याचे दाणे फुगून थरथरीत झाले होते. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात सरस. थेट आचेवर कधीच नाही, कारण उकळला की त्याचा जोर जातो. साठ अंशांच्या आसपास तो हवा. चाचांकडे थर्मामीटर नाही, ते करंगळी बुडवून बघतात. चटका बसावा पण भाजू नये. वास उग्र, जनावरी. हा सरस बोटावर घेतला की मिनिटभरात खरवडायच्या लायकीचा होतो. म्हणून पंखा बंद, दार लोटलेलं, आणि आधी सगळी तालीम कोरडी. खपली बसते का, वर ठेवायचा सरळ ठोकळा कुठे, खाली टेकू कुठे, मेणकागद कुठे. दोन वेळा सगळं बिनसरसाचं झालं. मग त्यांनी भेगेवर सरसाची धार सोडली आणि तळव्याने फळी हलकी खाली-वर दाबत राहिले. दर दाबाला भेग सरस आत ओढून घेत होती. आतून तो थेंबांनी डोकावला तेव्हा त्यांनी खपली बसवली, वर मेणकागद, ठोकळा, आणि त्यावर इस्त्री. बिनविजेची, कोळशाची जुनी, वजनाला.

आतली सुटलेली पट्टी दुसऱ्या दिवशी पुन्हा चिकटवली, मग ठिगळं. नखाएवढे स्प्रूसचेच चौकोन, कडा उतरत्या तासलेल्या, आणि त्यांच्या रेषा भेगेला आडव्या. म्हणजे भेगेने पुन्हा उघडायचं म्हटलं तर तिला या रेषा तोडाव्या लागतील. ती भोकातून हात घालून आतल्या अंगाने बसवायची. चाचांचा पंजा भोकातून जाईना. माझा गेला. आत काही दिसत नव्हतं. ठिगळाला सरस लावून देत ते मला सांगत होते, ‘और अंदर, बाई, और थोडा,’ आणि मी आडव्या पट्ट्या बोटांनी चाचपत पुढे सरकत होते. वरून त्यांनी जुन्या स्पीकरचं चुंबक धरलं होतं, माझ्या बोटांत दुसरं. ठिगळ जागेवर आलं तेव्हा खालचं चुंबक माझ्या हातातून सुटून खटकन वर चिकटलं. इतकी वर्षं मी या गिटारकडे बाहेरून पाहत होते. आतून ती खरखरीत आहे, रंध्याच्या खुणांसकट. पॉलिश सगळं जगाला दाखवायच्या बाजूला.

सरसाच्या जागी एपॉक्सी का नाही, हे भाच्याने विचारलंच. ते जास्त पक्कं, पाण्याला दाद देत नाही. चाचांचं उत्तर थोडक्यात असं की पक्कं हाच त्याचा दोष. सरस ओल्या उष्णतेने सुटतो. उद्या दुसऱ्या कुणाला ही पट्टी काढायची झाली तर गरम पाण्यात बुडवलेलं पातं पुरेल. एपॉक्सी काढायचं म्हणजे लाकूड तोडायचं. आधीच्या भरावाने त्यांचे जे हाल केले ते त्यांना पुढच्या कारागिराचे करायचे नव्हते. दुरुस्ती करताना आपण शेवटचे नाही, एवढं ध्यानात ठेवलं की निम्मे निर्णय आपोआप होतात.

भेगेची रेघ राहिली. व्हायोलिनची खपली जर्मन फळीपेक्षा किंचित पिवळी आहे. वरून गडद पॉलिश मारून ती लपवता आली असती, भाच्याची तशी इच्छाही होती. पण जाड पॉलिश म्हणजे फळीवर वजन, आणि फळीवर वजन म्हणजे आवाज बसलेला. अमेरिकेचा गायक विली नेल्सन १९६९ साली घेतलेली मार्टिन गिटार अजून वाजवतो. नखीने खरवडून खरवडून तिच्या फळीला मूळ भोकाच्या शेजारी दुसरं भोक पडलं आहे. तिची डागडुजी नेमाने होते, पण ते भोक कुणी बुजवत नाही, आणि तिचा आवाज जगाला ओळखू येतो. हे सांगितल्यावर भाचा गप्प बसला.

तारा चढवल्या, पण पोलादी नाहीत, नायलॉनच्या. नानांची हवाईयन पद्धत आता या फळीला झेपणार नाही. पहिला स्वर लागला तेव्हा तो नानांच्या गिटारचा नव्हता, जरा मवाळ, जरा खोल. मला त्याचं वाईट वाटलं नाही. भाच्याने पैसे देता देता विचारलं, ‘चाचा, गॅरंटी काय?’

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी,’ चाचा आधी हसून म्हणाले. आमच्याकडची ही जुनी म्हण, पण इतकी चपखल बसलेली मी प्रथमच ऐकली. मग गंभीर होऊन त्यांनी सांगितलं, ‘जोड की गारंटी है, बाबा. मौसम की नहीं.’

मग त्यांनी त्याला पुण्यात काय करायचं ते सांगितलं. उन्हाळ्यात गिटार भिंतीला टांगायची नाही, पेटीत ठेवायची. पेटीत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज, पिळून घेतलेला. वाजवायची नसेल तर तारा उतरवायच्या. यातलं काहीच अवघड नाही. अवघड आहे ते वर्षानुवर्षं करत राहणं. मी घरी आल्यावर एका कागदावर पेन्सिलने लिहिलं: परभणी, कार्तिक, सरस, खपली व्हायोलिनची, आत आडवी ठिगळं, एक पट्टी पुन्हा बसवली. तो कागद जर्मनीच्या लेबलाशेजारी आत चिकटवला, म्हणजे पुढे जो कोणी आत आरसा घालून बघेल त्याला अंदाज बांधत बसायला नको. पुढची दुरुस्ती होणारच आहे. ती किती वर्षांनी आणि किती सोपी, एवढंच आपल्या हातात असतं.